कोनाड्यातले तांदूळ

१

बुधवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास हिरीबाईच्या खोलीची मागची भिंत पडली.

मातीची भिंत पडणं ही वाशीमात बातमी नव्हे. दर पावसाळ्यात दोन-चार पडतात. पण ही पडली मे महिन्यात, आभाळात ढगाची चिंधीसुद्धा नसताना. आणि पडली ती बाहेरच्या अंगाला, अख्खीच्या अख्खी, थकलेला बैल बसावा तशी. टिनाचं छप्पर एका बल्लीवर तिरपं लटकून राहिलं. खोलीत त्या वेळी कोणी नव्हतं. हिरीबाई नव्हती, आणि तिची आठ महिन्यांची पोटुशी सून कमलीबाईही नव्हती.

लोक धावले ते भिंत पाहायला, पण थांबले देव पाहायला. त्या भिंतीत एक कोनाडा होता. कोनाड्यात हिरीबाईचे देव असत: वीतभर उंचीची पितळेची जगदंबा आणि बंजाऱ्यांचे संत सेवाभाया यांचं पांढरं निशाण. कोनाडा भिंतीबरोबर मातीत गेला. देव मात्र समोरच्या बाजूला, दाराजवळच्या ज्वारीच्या कोठीवर उभे होते. धुळीखेरीज त्यांना काही लागलेलं नव्हतं.

"देवानं सोताले वाचवलं, माय!" कोणीतरी म्हणालं, आणि तिसऱ्या प्रहरापर्यंत कोठीसमोर सात नारळ फुटले.

गुरुवारी सकाळी शेषराव अंभोरे आले. ते भाडेकंट्रोलच्या कचेरीतले इन्स्पेक्टर. चौकशीला गेले की प्रत्येकाला ते पहिला प्रश्न विचारत, "काल काय जेवलात?" गाव त्यावर हसायचं. शेषरावांचा हिशेब साधा होता. माणूस साक्ष देताना शब्द तोलून देतो. जेवण सांगताना तराजू घरी विसरतो.

भाडेकंट्रोलचा हुकूम निघून तेव्हा चार वर्षं झाली होती. त्याआधी मालकानं सकाळी "खोली खाली कर" म्हणावं आणि संध्याकाळी भाडेकरूची चूल रस्त्यावर दिसावी, अशी रीत होती. आता कंट्रोलर साहेबांच्या लेखी परवानगीवाचून कोणाला काढता येत नव्हतं, आणि परवानगी मिळायच्या वाटा मोजक्या होत्या. भाडं थकलं तर, पण हिरीबाईच्या खोलीसकट रिसोड नाक्याजवळच्या या चार खोल्यांच्या पावत्या चोख होत्या. भाडेकरूनं घराची नासधूस केली तर. किंवा घर इतकं धोक्याचं झालं, की खाली केल्याशिवाय इलाज नाही, तर. मालक उत्तमराव यांना त्या जागी कापसाचं गोदाम बांधायचं होतं. दोन वर्षं त्यांना एकही वाट सापडत नव्हती. पडलेल्या भिंतीमुळं एकदम दोन सापडल्या.

"या साहेब, या," उत्तमराव पुढं आले. धोतर कडक, आवाज मऊ. "पाहा हे. जीव गेला असता कोनाचा."

"काल काय जेवलात?"

उत्तमराव हसले. "आपलं नेहमीचं जी. वरन, भात, पोळी. आमच्या घरी भाताबिगर जेवन नाई. बहीन भंडाऱ्याकडं देलेली हाय, तिच्याकडून चिन्नोर तांदळाची गोनी येते दर साली."

"घरचे सगळे जेवले?"

"आई नाई जेवली. उपास म्हने. बुधवारी कायचा उपास, तिलेच ठाऊक." मग त्यांनी मुद्द्याचं गाठोडं सोडलं. "साहेब, भिंत काहून पडली सांगू? मांगच्या कोपऱ्यात बाईची न्हानी हाय. न्हानीचं पानी मुरलं, भिंत सडली. आता ही सारी ओळ राह्यन्याजोगी राह्यली का? उद्या कोनाच्या डोक्शावर पडली त पाप कोनाले?"

"तुम्हाला."

"मंग! म्हून म्हनतो, चारी खोल्या खाली करून द्या."

"पण काल कोणाच्या डोक्यावर पडली नाही."

"थेच त!" उत्तमराव जवळ सरकले. "लोक म्हनतात चमत्कार. मी म्हनतो, देवाले पाय नाई. भिंत पडाच्या आधी त्याइले कोठीवर कोनं नेलं? हिरीबाईनं. तिले ठाऊक होतं भिंत पडनार. आन् भिंत पडनार हे कोनाले ठाऊक राह्यते, साहेब? ज्यानं पाडली त्याले."

शेषरावांनी कोठीकडं पाहिलं. काल ज्या देवांपुढं सात नारळ फुटले, तेच देव आज हिरीबाईच्या विरुद्ध साक्षीला उभे होते.

कंट्रोलर साहेब शनिवारी जागेवर येऊन फैसला करणार होते.

२

हिरीबाई शेजारच्या तुळसाबाईच्या ओसरीवर बसली होती. पन्नाशीची, हाडापेराची बाई. कापसाचा हंगाम असला की जिनात कामाला, नसला की मिळेल त्या कामाला. मुलगा प्रेमसिंग हिंगोलीकडं खडी फोडायला गेलेला, पाऊस लागल्यावर येणार. सासू-सून दोघीच.

"मले येवढंच सांगा साहेब," ती म्हणाली, "खोली गेली त माही सून कुठं बायतीन होईन? तांडा रिठदच्या पल्याड हाय, तठी आमचं घर राह्यलं नाई. वाशीमात काल सांजपावतर नऊ ठिकानी इचारलं. पोटुशी पाह्यली का लोक दार लोटतात. येक महिना बी नाई राह्यला."

"काल काय जेवलात?"

हिरीबाई चिडली. "माही भिंत पडली, आन् तुमी जेवन इचारता?"

कमलीबाई मात्र हसली, कालपासून पहिल्यांदाच. "डोहाळजेवन होतं ना साहेब माहं! तुळसामावशीनं मळ्यात बोलावलं. अकरा बाया होत्या. आंब्याखाली पाट मांडला, हिरवं लुगडं नेसवलं. वांग्याची भाजी, पुरनपोळी, वरन, आन् भात. लय वासाचा भात! मी दोन डाव घेतला."

"केव्हा गेलात?"

"सकाळी आठले. तीनले परतलो त हे असं."

"दाराला कुलूप?"

"कुलूप लावाले काय हाय घरात?" हिरीबाई म्हणाली. "कडी लावली."

"आणि देव कोठीवर तुम्ही ठेवले?"

तिनं कानाला हात लावला. "मी? अहो, भोग लावल्याबिगर आमी देवीले हात नाई लावत. निखाऱ्यावर तूप-गूळ टाकाव लागते. धूर वर गेला, देवीनं घेतलं, म्हंजे तिची परवानगी. मंग हलवाव."

"म्हणजे देवीचाही कंट्रोल आहे तर," शेषराव म्हणाले. "लेखी नाही, एवढंच."

ते उठून पुन्हा खोलीत गेले. हिरीबाईनं बुधवारी सकाळी निघताना जमीन सारवली होती. दाराकडची बाजू अजून स्वच्छ होती. कोठीभोवती नारळाच्या करवंट्या होत्या, पण निखारा नव्हता, राख नव्हती, तुपाचा डाग नव्हता. मात्र ओल्या सारवणात उमटून वाळलेली काही पावलं शिल्लक होती. अनवाणी, लहान, बाईमाणसाची. जाताना लांब टाकलेली आणि येताना अगदी जवळजवळ, हातात भरलेलं ताट असावं तशी.

म्हणजे देव एका बाईनं हलवले होते. आणि तिनं भोग लावला नव्हता.

"हिरीबाईनं घाईत नसन लावला," उत्तमराव दारातून म्हणाले. त्यांचं लक्ष चांगलं होतं.

३

शेषराव मागच्या बाजूला गेले. ओळीच्या मागून नवी नाली खणलेली होती. सोमवारी आणि मंगळवारी उत्तमरावांनी माणसं लावून ती खणून घेतली होती. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून. भाडेकरूंनी त्यांना आशीर्वादही दिले होते. दोन वर्षं ज्यानं खिळा ठोकून दिला नाही, तो नाली काढतो म्हटल्यावर माणसं आशीर्वाद देणारच.

शेजारचा भाडेकरू रंगराव माळी, तुळसाबाईचा नवरा, कडेला उभा होता. हाताला काम नसलेला माळी शेषरावांनी प्रथमच पाहिला.

"रंगराव, नाली कशी खणतात हो?"

"उतार पाहून, जी."

"ही पाहा बरं."

पहिल्या खोलीमागं नाली हातभर खोल होती. रंगरावाच्या खोलीमागंही हातभर, असं शेषरावांनी दाखवलं. चौथ्या खोलीमागंही तेवढीच. पडलेली भिंत जिथं तिच्यावर कोसळली होती, तिथली माती दोन गड्यांनी उपसली, तेव्हा फावडं कमरेपर्यंत खाली गेलं. खड्डा थेट भिंतीच्या बुडाशी भिडलेला होता, आणि तळाला अजून चिखल होता.

"मधात पोट असलेल्या नालीतून पाणी वाहतं का?"

"नाई जी," रंगराव जमिनीकडं बघत म्हणाला. "साचते."

"चिखल त असनच!" उत्तमराव मागून म्हणाले. "न्हानीचं पानी!"

शेषरावांनी हिरीबाईला हाक मारली. "बाई, रोज किती पाणी आणता?"

"इहीर दोन फर्लांगावर हाय साहेब. दोन घागरी. उन्हाळ्यात इहिरीत तळ दिसते. सून तांब्याभर पान्यानं आंग पुसते."

शेषराव उत्तमरावांकडं वळले. आवाज अगदी गोड होता. "मे महिन्यात वाशीमात न्हाणीच्या पाण्यानं भिंत सडते, हे ज्यानं कधी डोक्यावर घागर घेतली नाही तोच बोलेल. इथं निदान पाच-सहा पिंपं पाणी ओतलेलं आहे."

उत्तमराव हलले, पण पडले नाहीत. "गडी लोकाइनं खोल खनलं असन. गडीच थे. उतार पाह्याले पानी सोडलं असन. चूक झाली, कबूल. पन भिंत पडली त पडली ना? घर धोक्याचं झालं ना? मंग खाली करा."

हे बरोबर होतं, आणि म्हणूनच वाईट होतं. चूक म्हणून पडली तरी खोली धोक्याचीच. उत्तमरावांनी न्हाणीची वाट सोडली, पण दुसरी वाट तशीच उघडी होती. ती बंद व्हायला एकच गोष्ट सिद्ध व्हायला हवी होती: भिंत पडणार हे मालकाला आधीपासून ठाऊक होतं.

तेवढ्यात एका गड्याचं फावडं खणकन वाजलं. कोनाड्याच्या तळाची शहाबादी फरशी होती. शेषरावांनी ती हळूच वर काढली. तिच्यावर ओल्या कुंकवाच्या चिखलात एक सुपारी घट्ट चिकटली होती, आणि तिच्याभोवती दहा-पंधरा पांढरे दाणे.

"हे तुमचं, हिरीबाई?"

हिरीबाईनं वाकून पाहिलं. "हे आमचं नोहे."

शेषरावांनी एक दाणा नखानं सोडवला, कुंकू पुसलं आणि नाकाशी धरला. तो तांदूळ होता. अखंड, बारीक, आणि मातीत एक रात्र काढूनही त्याला वास होता.

४

"काल काय वाढलंत?" शेषरावांनी तुळसाबाईला विचारलं.

तुळसाबाई वांग्यांची टोपली सावरत होती. रोज बाजारात बसणारी, तोंडाची पक्की बाई. "जे कमलीनं सांगतलं थेच. पोरीची माय जवळ नाई, म्हून म्या केलं. त्यात काय गुन्हा झाला का?"

"मुळीच नाही. एक सांगा. देव जागचा हलवायचा असला तर तुमच्यात काय करतात?"

"पह्यले अक्षता टाकाच्या. देव उचलला का त्याच्या जागी सुपारी ठेवाची. जागा सुनी नाई ठेवाची."

ती बोलली आणि तिथंच थांबली. फरशीवरची सुपारी ओसरीवर सगळ्यांसमोर ठेवलेली होती. बाया तुळसाबाईकडं पाहू लागल्या. हिरीबाईही पाहू लागली, आणि ते पाहणं सगळ्यांत जड होतं.

"तुळसा," ती हळू म्हणाली, "मले मळ्यात नेऊन तूनं माही भिंत..."

"तोंड सांभाळ हिरे! मी आठपासून तुयाच सुनेले घास भरवून राह्यली होती! अकरा बाया साक्षीले हायेत!"

"खरं आहे," शेषराव म्हणाले. "मळा कोसभर दूर. ह्या तिथून हलल्या नाहीत. शिवाय तुळसाबाई, तुमच्या घरच्या अक्षता कशाच्या?"

"जवारीच्या. आनखी कायच्या? तांदूळ आमी लग्नाले बी इकत आनत नाई."

"मग काल अकरा बायांना भात कुठून घातलात?"

तुळसाबाईचं तोंड मिटलं. बाजारात कोणी दर पाडला की ती जशी टोपलीवर ओलं फडकं टाकते, तसं.

"सांगता येत नाई साहेब. आन घातली हाय मले."

"कोणी?"

"थेच त सांगता येत नाई."

कोपऱ्यात बसलेला रंगराव एकदम उठला. त्याचा चेहरा दोन दिवसांचा शिळा दिसत होता. "साहेब, तिले सोडा. पानी म्या आनलं. मंगळवारी मालकानं म्हतलं, नालीचा उतार पाह्याचा हाय, उद्या सकाळी सा पिंपं टाक. माह्या इहिरीतून घे. म्या गाडीनं आनली, आठपासून अकरापावतर. पोट पाह्यलं खड्ड्याचं, म्हतलं हे काहून असं? त म्हने, तुले काय कराचं, पुढं गोदामाच्या तोंडाशी तुले भाजीचं दुकान देतो." त्यानं डोळे पुसले. "माही बी खोली याच ओळीत हाय साहेब. मी बोलतो त कुठं जातो?"

"उतार पाहायचा होता एवढंच म्हणाले ना मालक?"

"हो जी."

"मग साहेबांपुढं तेवढंच म्हणतील." शेषरावांनी सुपारी आणि तांदूळ कागदात गुंडाळले. नाली, पाणी, दुकान; प्रत्येकाला उत्तमरावांकडं उत्तर तयार होतं. या कागदातल्या पुडीला मात्र नव्हतं. ती कुठून आली हे त्यांना माहीतच नसणार, अशी शेषरावांना खात्री वाटू लागली होती.

त्यांनी छत्री घेतली आणि उत्तमरावांच्या घराचा रस्ता धरला. उत्तमराव घरी नसतील अशा वेळी.

५

घर माडीचं, विटांचं, चुन्याचं. मालकाच्या घराची भिंत मे महिन्यात काय, श्रावणातही पडणार नव्हती.

उत्तमरावांची आई हौसाबाई बाहेर आली. सत्तरीची, वाकलेली, कपाळ कोरडं. तिनं स्वतः पाण्याचा तांब्या आणून ठेवला. आतून भात शिजल्याचा वास येत होता, आणि शेषरावांनी तो नाकभर घेतला.

"कंट्रोलचे साहेब ना तुमी?" ती म्हणाली. "त्या पोरीचं कसं हाय? पोटुशीचं?"

"बरं आहे. मळ्यात होती, म्हणून वाचली."

"हो ना. मळ्यात होती." म्हातारीनं सुस्कारा सोडला. तो इतका मोकळा होता, की ओझं उतरवल्यासारखा वाटला.

शेषराव पाणी प्यायले. पहिला प्रश्न त्यांनी आज विचारला नाही. बुधवारी ही बाई जेवली नव्हती, हे त्यांना तिच्या मुलानंच सांगितलं होतं.

"आजी, एक शंका आहे. माझ्या घरी कोणी मोठं नाही, म्हणून तुम्हाला विचारतो. देव हलवला की जागी सुपारी ठेवतात. मग देव परत बसवताना ती सुपारी कोणी उचलायची?"

"ज्यानं ठेवली त्यानं. दुसऱ्यानं उचलली त देव रुसते. आमच्यात तसंच हाय."

"आणि ठेवणाऱ्यानं उचललीच नाही तर?"

"त मंग देव..." हौसाबाई थांबली. तिनं शेषरावांच्या खिशाकडं पाहिलं, जणू तिला आतला कागद दिसत होता. "त मंग देव बेघर राह्यते, बाबा."

"बरोबर. पण इथं अडचण आहे. भिंत परत उभी राहिली, कोनाडा झाला, तरच देव परत बसतील. ओळ पाडली तर कोनाडाच नाही." ते उठले. "शनिवारी सकाळी दहाला साहेब जागेवर येतील. सुपारी मी घेऊन येईन. फरशीवर ठेवीन. मी कोणाचं नाव घेणार नाही, आजी. मला नाव घेताच यायचं नाही. तांदूळ साक्ष देतो, पण तांदळाला सही करता येत नाही."

म्हातारी दारापर्यंत आली, आणि तिथंच उभी राहिली.

शुक्रवारचा अख्खा दिवस शेषरावांनी अहवाल लिहिला आणि शेवटची एक ओळ कोरी ठेवली. त्या ओळीवर हिरीबाईची खोली अवलंबून होती, आणि ती भरणं आता त्यांच्या हातात राहिलं नव्हतं.

६

शनिवारी दहाला साहेब खुर्चीवर बसले. एका बाजूला उत्तमराव. दुसऱ्या बाजूला चार खोल्यांची माणसं. कमलीबाईला तुळसाबाईनं बाजेवर बसवलं होतं. हिरीबाई आणि तुळसाबाई एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण एकाच पंख्यानं पोरीला वारा घालत होत्या.

उत्तमरावांनी आपलं म्हणणं मांडलं. गड्यांची चूक, उताराचं पाणी, पडलेली भिंत, धोक्याची ओळ. सगळं नीट, घडी घातलेलं. "आन् देव हिरीबाईनं हलवले, हे बी लिहा साहेब. तिले आधीच वास लागला होता. तरी मले सांगतलं नाई."

शेषराव उभे राहिले.

"साहेब, मालक म्हणतात ते एक खरं आहे. देव आपोआप उतरले नाहीत. ज्यानं उतरवले त्याला ठाऊक होतं की भिंत पडणार, आणि बुधवारीच पडणार. पण हिरीबाईनं हलवले असते तर भोगाची राख पडली असती. ती पडलेली नाही. जिनं हलवले, तिनं आपल्या घरच्या रीतीनं अक्षता टाकल्या आणि सुपारी ठेवली. देवाचं पाप नको म्हणून चोरून आत आली, तरी रीत चुकवली नाही. इथंच ती चुकली, आणि इथंच तिचं मन दिसलं."

त्यांनी कागद उलगडला. फरशीवर सुपारी ठेवली, बाजूला तांदूळ.

"या ओळीत कोणाच्या घरी तांदूळ नाही. अक्षताही ज्वारीच्या असतात. हा चिन्नोर आहे. याच तांदळाचा भात बुधवारी डोहाळजेवणात अकरा बायांना वाढला गेला. म्हणजे ज्या हातानं देव हलवले, त्याच हातानं तुळसाबाईला तांदूळ देऊन सांगितलं की पोरीला आणि तिच्या सासूला मळ्यात ने, आणि माझं नाव घेऊ नको. देव वाचवले, पोर वाचवली. हा चमत्कारच होता. फक्त तो एका माणसानं केला."

"चिन्नोर वाशीमात का माह्याच घरी हाय?" उत्तमराव ओरडले. पण ओरडताना त्यांना स्वतःचाच गुरुवारचा आवाज ऐकू आला असावा, कारण ते दोन पावलं मागं सरकले.

 साहेबांनी घड्याळ पाहिलं. "अंभोरे, हे सगळं ठीक आहे. पण ती बाई कोण?"

"मला सांगता येत नाही, साहेब."

गर्दीच्या मागून काठीचा आवाज आला. माणसं बाजूला झाली. हौसाबाई आली, वाकलेली, पदर डोक्यावरून ओढलेला. मुलाकडं तिनं पाहिलंच नाही. ती फरशीपाशी आली, कष्टानं खाली बसली आणि हात पुढं केला.

"आई!"

"चूप बस, उत्तम." तिनं सुपारी उचलली आणि मुठीत धरली. "सोमवारी रात्री जेवताना तू नालीच्या मिस्त्रीले म्हतलं, बुधवारी पानी सोडलं का दुपारपावतर भिंत बसते. मी पोळ्या लाटून राह्यली होती. तुले वाटलं, म्हातारी बहिरी हाय. त्या पोरीच्या पोटात लेकरू हाय रे! तुयावर पाप नको, म्हून मी देव हलवले. तुले अडवाची हिंमत नाई झाली माही. येवढीच चूक माही." ती साहेबांकडं वळली. "लिहा साहेब. ही सुपारी माही हाय. पन थे रीतीनं उचलाची त कोनाडा पायजे."

हिरीबाई उठली. तिनं म्हातारीला दंडाला धरून उभं केलं. मग तुळसाबाईकडं वळून म्हणाली, "तूनं सांगतलं काहून नाई, बये?"

"आन होती," तुळसाबाई म्हणाली. "दोन दिस तुया डोळ्याकडं पाहून माहं जेवन गेलं."

शेषरावांनी कोरी ओळ भरली. साहेबांनी हुकुमाखाली सही केली: मालकानं जाणूनबुजून घर पाडलं, सबब खाली करण्याची परवानगी नाही; पंधरा दिवसांत मालकानं आपल्या खर्चानं दगडी जोत्यावर भिंत बांधून द्यावी; तोवर कुटुंबाची सोय मालकाच्याच घरी. शेवटचं कलम हौसाबाईनं सुचवलं होतं.

उत्तमराव हुकुमाकडं बघत राहिले. "माह्या घरी?"

"माडीवर," म्हातारी म्हणाली. "हवेशीर हाय."

भिंत पंधराऐवजी अठराव्या दिवशी उभी राहिली. रंगरावानं पांढरी माती स्वतः तुडवली, आणि नालीला असा उतार दिला की पहिल्या सरीचं पाणी धावत गेलं. कमलीबाई माडीवरून उतरली ती थेट आपल्या खोलीत. सहाव्या दिवशी तिथंच बाळंत झाली. मुलगी. प्रेमसिंगला हिंगोलीला कार्ड गेलं.

देव बसवायच्या दिवशी हौसाबाईनं सुपारी नव्या कोनाड्यात एकदा ठेवली, नमस्कार केला आणि उचलून पदराला बांधली. मग हिरीबाईनं निखाऱ्यावर तूप-गूळ टाकलं. धूर सरळ टिनापर्यंत गेला. देवीनं परवानगी दिली.

उरलेला गूळ सगळ्यांना वाटताना ती बाहेर आली, तर मागच्या अंगाला उत्तमराव उभे. नवी भिंत बोटानं ठोकून पाहत होते.

"पक्की हाय का हो, मालक?"

"हाय वाटते," उत्तमराव म्हणाले. मग थोडं थांबून, "मले नाई का गूळ?"

हिरीबाईनं त्यांच्या हातावर खडा ठेवला. "घ्या. पन आज काय जेवले, थे आधी सांगा."

आणि नालीच्या कडेला बसलेले शेषराव अंभोरे, कितीतरी दिवसांनी, स्वतःच्या प्रश्नावर हसले.